मुळशीचं पाणी खारं होतं तिथवर

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्यात माझ्या उजव्या गालाला एखादी तळटीप मिळावी, एवढीच माझी विनंती आहे. शनिवारी भल्या पहाटे डाव्या गालाची दाढी झाली होती, उजव्याला फेस लावून मी वस्तरा उचलला होता, आणि त्याच मुहूर्तावर नळाने घसा खाकरला. पाठशाळेत आमचे गुरुजी घनपाठ म्हणताना एकेक शब्द पुढेमागे घोळवत, तसा त्याने एक आवाज पुष्कळ वेळ घोळवला आणि मान टाकली. टँकर यायला अवकाश होता, खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. फेस टॉवेलने पुसला आणि निम्म्या दाढीने घराबाहेर पडलो.

आमचा पत्ता नेरे, तालुका मुळशी. मुळशी म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे डोंगरांच्या कुशीतला अथांग जलाशय उभा राहतो. आमच्या डोळ्यांपुढे टँकर उभा राहतो, तोही फाटकात आडवा.

हॉर्न किरणचा. किरण मूळचा लातूरचा, हिंजवडीत संगणकापुढे बसतो आणि उरलेल्या वेळात आमच्या सोसायटीचा सचिव असतो. लातूरच्या माणसाला पाण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. 'धरणाचं पाणी आमच्या भागाला मिळालंच पाहिजे' हा ठराव गेल्या सभेत त्यानेच मांडला. सगळ्यांनी हात वर केले. मी तर दोन्ही केले; एक पाठिंब्याचा, दुसरा आळस देण्याचा.

प्रवासाचं निमित्त मात्र आमच्या फाटकावरच्या दगडूचं. हा धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतला. त्याची बहीण सुमन घाट उतरून खाली रायगडात, कुंडलिकेच्या खाडीवर दिलेली. खाडीचा एक फाटा कोणा ठेकेदाराने कच्च्या रस्त्यासाठी भराव टाकून बुजवला आणि काम झाल्यावर भराव तसाच ठेवून तो निघून गेला. भरतीचं पाणी आत येईना, तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान वाळलं, मासळी गेली. त्या फाट्यावर पोट असणाऱ्या बायकांनी परवानगीसाठी पुष्कळ खेटे घातले आणि आता दर पंधरवड्याला भराव उपसायचं श्रमदान चाललं आहे. दगडूला सुट्टी मिळेना, म्हणून त्याने बहिणीसाठी आंबेमोहराचं पोतं आणि आम्ही दोघे असा ऐवज पाठवला. पोत्याबद्दल त्याला जास्त खात्री होती.

जाणाऱ्यांसाठी वाट सांगतो. आयटीवाले अंथरुणात असतानाच हिंजवडी ओलांडा, म्हणजे माण-घोटावडे करत पौड रस्ता सुखाने गाठता येतो. पौडला मिसळ खाऊन घ्या, कारण पुढे ताम्हिणीत भूक लागते ती भज्यांवर भागत नाही. घाटातला रस्ता बहुतेक चांगला, पण वळणांवर मोबाइल धरून उभी असलेली मंडळी रस्त्याचाच भाग समजून चालवा. विळ्याला उजवीकडे वळलं की कोलाड, मग रोहा, आणि तिथून खाडीकाठचं गाव. त्याचं नाव मुद्दाम देत नाही. सहलीला येऊन वेफर्सची पाकिटं टाकणाऱ्यांची तिथे सध्या सोय नाही. एक गोष्ट मात्र पंचांगात बघून निघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आम्ही अष्टमीला गेलो, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी दुपारी बाराला. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, पाणी अंगावर धावून येत नाही. इतकी वर्षं पंचांग बाळगून त्याचा असा रोकडा उपयोग मला प्रथमच झाला.

सुमनबाई बांधावरच उभ्या होत्या. चाळिशीच्या, पदर खोचलेला, हातात फावडं. वीस वर्षं खाडीवर काढूनही बोली घाटावरचीच. पोतं उतरवून घेतलं, भावाची चौकशी केली, आणि मग माझ्याकडे बघून मागच्या बायकांना हाक मारली.

"अगं या गं, बघा! माहेरचं मानूस आलंय. निम्म्या गालावर भरती, निम्म्यावर ओहोटी!"

खाडीकाठी इतका हशा पिकवणारं आगमन त्या दिवशी दुसरं झालं नसावं.

पण माझी सुटका किरणने केली. त्याने डिकी उघडली. आत सोसायटीच्या वृक्षारोपणातून उरलेली कडुलिंबाची आठ रोपं, प्रत्येकाच्या गळ्यात सोसायटीच्या नावाची पाटी.

"ही कशापायी?" सुमनबाई.

"लावायला, ताई. खाडीच्या काठाने."

"खाऱ्या पान्यात कडुनिंब?" त्यांनी एक रोप उचलून पाटी वाचली. "नाव मात्र झ्याक रंगवलंय."

किरणचा चेहरा पडलेला बघून त्या मवाळल्या. "आवो, आमी बी पहिल्या साली तिवराची रोपं लावली व्हती. फोटू काढलं, पेढं वाटलं. आत पानीच यीना, समदी वाळून गेली. आता झाडं लावायची न्हाईत. पान्याला वाट करून द्यायची. बी काय, पानीच घिऊन येतंय."

"मग आजचं टार्गेट काय?" किरण सावरून म्हणाला.

"भरती यायच्या आत तोंड मोकळं करायचं. न्हाईतर ती आपलं खोदल्यालं परत भरून दील. तिला काय, तिचं काम चालूच हाय."

आता चिखलाबद्दल. खाडीचा चिखल हा पदार्थ नसून वृत्ती आहे. तो पाय धरतो, सोडत नाही, आणि सोडलाच तर पादत्राण ठेवून घेतो. गावात रीत अशी, की ज्याचं पायताण चिखल खाईल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. मी पाठशाळेच्या संस्काराने अनवाणी उतरलो. किरण पळायचे महागडे बूट घालून उतरला आणि चौथ्या टोपलीला एकपाय झाला.

"गेला गं गेला!" एका म्हातारीने टाळी वाजवली. "आलं घालून सांगा, लेकरा. दोन पाकिटं दूध जास्तीचं."

"काका, तो बूट वॉटरप्रूफ होता," किरण मला म्हणाला.

"आत पाणी शिरणार नाही, निश्चिंत राहा," मी त्याला धीर दिला.

दुपारभर टोपल्या हातोहात चालल्या. भरावातून विटा निघाल्या, सिमेंटच्या गोणी निघाल्या, एक अख्खी खुर्ची निघाली. सुमनबाईंचे यजमान महादेवराव तिच्यावर क्षणभर बसले आणि बायकोच्या एका नजरेसरशी उठले. दुपार कलू लागली तसं सुमनबाईंनी सगळ्यांना वर घेतलं. तोंड मोकळं झालं होतं, फार तर दोन हात रुंद.

पाणी काही गर्जत आलं नाही. बोटभर रुंदीची एक जीभ चिखलावरून पुढे सरकली, थबकली, उरलेल्या एका विटेला वळसा घालून आत शिरली. मागून दुसरी. वाळलेल्या तिवरांच्या बुंध्यांपाशी पहिल्यांदा ओल पोचली, तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. सुमनबाईंनी फावडं बांधावर टेकवलं. पाण्याकडे बघत त्या एवढंच म्हणाल्या, "ये."

संध्याकाळी त्यांच्या अंगणात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण आणि तांदळाची भाकरी. मी शाकाहारी, माझ्या ताटात वालाचं बिरडं आलं आणि सोबत, 'जन्म वाया घालवला' अशा अर्थाचा महादेवरावांचा कटाक्ष. कडुलिंबाची रोपं तोवर घरामागे, खारं पाणी पोचत नाही अशा उंचवट्यावर लागली होती. पाट्यांसकट.

जेवणाआधी मात्र सुमनबाईंनी आरसा, वस्तरा आणि बादलीभर पाणी पुढ्यात आणून ठेवलं होतं. "उरकून घ्या भाऊ. असं ध्यान माहेरी परत धाडलं तर लोक मलाच नावं ठिवतील."

मी पाणी बेताने घेऊ लागलो. हाताला सवयच ती.

"वापरा की बिनघोर! तुमच्याच मुळशीचं हाय."

मग त्यांनी सांगितलं ते मला ऐकून ठाऊक होतं, पण गालाला कधी लागलं नव्हतं. धरणातलं पाणी डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं, तिथून कुंडलिकेत, तिथून ह्या गावच्या नळाला आणि शेवटी खाडीला. "त्याचं बी माझ्यासारखंच. माहेर मुळशी, सासर खाडी," त्या म्हणाल्या. "हे गोडं खाऱ्यात मिसळतंय तवर मासळी हाय."

मी उजव्या गालाला फेस लावला. माझ्या तालुक्याचं पाणी माझ्या नळाला न येता घाट उतरून इथे मला भेटलं होतं.

"आन् काय वो भाऊ," त्यांनी विचारलं, "पेपरात येतंय, हे पानी तुमच्याकडं वळवायचं म्हनून. खरं हाय का? नुसतं खारंच यायला लागलं तर आज तोंड उघडून उपेग काय?"

मी किरणकडे बघितलं. किरण आपल्या एकुलत्या एका बुटाकडे बघत होता. "चर्चा आहे, ताई," तो म्हणाला. "अजून तसं काही नक्की..."

"तुमी काय म्हनलात मग?"

माझ्या तोंडाला फेस होता. न बोलण्याला एवढं सभ्य कारण पुन्हा मिळायचं नाही. पण तो वाळेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. स्वतःच हसून म्हणाल्या, "तुमच्या लेकराबाळांस्नी पानी नगं व्हय? पायजेच की. न्या. पन नेन्याआदी खाडीला एकदा इचारा म्हनावं. तिला कुनी इचारतच न्हाई."

रात्री तिथेच राहून रविवारी आलो. येताना किरणने ताम्हिणीच्या वर, जलाशय दिसतो तिथे, गाडी थांबवली. एरवी तो तिथे फोटो काढतो. या वेळी मोबाइल खिशातच ठेवून म्हणाला, "काका, ठरावात एक वाक्य वाढवता येईल का?" पौडपर्यंत आम्ही दोघे ते वाक्य जुळवत होतो; जुळलं नाही.

फाटकावर दगडूने विचारलं, "पोतं पोचलं ना?" पोचलं म्हटलं. पाणी आत शिरल्याचंही सांगितलं. तो इतका खुश झाला की त्याने आम्हाला सलाम ठोकला आणि लगेच आडव्या टँकरला शिव्या घालायला धावला.

ही नोंद लिहिताना नळ पुन्हा घसा खाकरतो आहे. येत्या रविवारी सभा आहे. ठराव पुढे पाठवायचा आहे. त्या दोन हात रुंद तोंडातून आत गेलेलं पाणी मी डोळ्यांनी बघितलं आहे, सुमनबाईंचा प्रश्न ऐकला आहे. तरीही वर सगळ्या मजल्यांवर रिकाम्या बादल्या असतात, खाली सगळे हात वर करतात, आणि मीही त्याच इमारतीत राहतो. खाडीचं काय होईल याची काळजी आहेच. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटते ती याची, की रविवारी मी पुन्हा हात वर करीन.