‘छान’ म्हणू न देणाऱ्या विमलताई

विमलताई हंजगीकर यांची माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या सोलापुरातल्या घरी, सतरंजीवर. बार्शीला बँकेत नोकरी करणारा मी, एकदोन कथा छापून आल्याच्या ऐटीत त्यांच्या लेखन कार्यशाळेला गेलो होतो. माझे वाचन संपल्यावर शेजारचे गृहस्थ ‘छान आहे’ म्हणाले. मी सुखावतो न सुखावतो, तोच ताईंनी त्यांना सगळ्यांसाठी चहा टाकायला आत पिटाळले. इथे नुसते ‘छान’ म्हणणाऱ्याला चहा करावा लागतो. काय भावले, काय खटकले, ते नेमके सांगायचे, हे मला तेव्हा कळले. माझ्या कथेत त्या दिवशी खटकण्याजोगे इतके निघाले, की परतीच्या एस.टी.त मी पुन्हा तिथे न जाण्याची शपथ घेतली. पुढच्या महिन्यात मात्र मुकाट्याने पुन्हा गेलो.

ताई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. त्यांच्या सतरंजीवर नावावर पुस्तके असलेले लेखक आणि आयुष्यातली पहिलीच ओळ लिहिणारे शेजारी शेजारी बसतात. यंत्रमागवाल्या तेलुगूभाषक घरातल्या लक्ष्मीबाई मराठीत लिहिताना अडल्या, तेव्हा ताईंनी त्यांना आधी सगळे तेलुगूत सांगायला लावले. स्वतःला तेलुगू जेमतेम कळत असूनही त्या शेवटपर्यंत मन लावून ऐकत बसल्या. आज लक्ष्मीबाई आमच्यातल्या सर्वांत फटकळ श्रोत्या आहेत, याचे पाप ताईंच्याच माथी.

माझी पत्नी सुमन गेली आणि माझे लिहिणे थांबले. ते पुन्हा सुरू होईल असे मलाही वाटत नव्हते. भेटायला येणारे तिला देवी करून जात, आणि माझी सुमन मलाच आठवेनाशी झाली होती. एके दिवशी ताई बसने बार्शीला आल्या. सांत्वनाचा एक शब्द बोलल्या नाहीत. सुमनची एखादी खोड सांगा, म्हणाल्या. स्वयंपाकाला नाव ठेवलेले तिला खपत नसे, एवढेच मला सांगता आले. तेच लिहून आणा, असे बजावून त्या गेल्या.

मी लिहून नेले. त्यात माझी नातेपुत्याची सुमन ताट वाढता वाढता म्हणते, “मीठ कमी हाय तर वरून घ्या की. तोंड कशाला वाकडं करताय?”

हे कुणाबद्दल आहे ते सर्वांना ठाऊक होते. पण सवय अंगात मुरलेली. लक्ष्मीबाई म्हणाल्या, हे पटत नाही, नवऱ्याला असे तोंडावर कोण बोलेल? दुसऱ्या एकाने त्यांची री ओढली. मग आपण काय बोलून गेलो हे ध्यानात येऊन सगळेच ओशाळले. ताई तेवढ्या शांत होत्या.

“बोला की, दिगंबरराव. खोटं आहे म्हणतात त्या.”

“खोटं कसं? माझ्या आईसमोर म्हणायची,” मी चक्क भांडायला उठलो. आणि मग बोलतच सुटलो. सुमन गेल्यापासून तिच्याविषयी मी पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलत होतो, आणि माणसे तिच्याबद्दल वाद घालत होती, ती आतल्या खोलीत असावी तशी. ताईंचे हे ऋण माझ्याने फिटणार नाही.

यंदा ताई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे कुरकुरतात म्हणून त्या आता खुर्चीवर बसतात. कान मात्र पूर्वीइतकेच तिखट आहेत. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, अशी आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा आहे. त्यात माझा थोडा स्वार्थही आहे. सुमनची अजून पुष्कळ भांडणे त्यांना वाचून दाखवायची राहिली आहेत.