आमगाववालीचं पार्सल

पोस्टाच्या भरवशावर फार राहू नये असं माझं मत आहे. पोस्टाचा राग आहे म्हणून नव्हे. त्या पावसाळ्यात जो चूक शोधायला निघाला असता, त्याला पोस्टाआधी आमचंच घर सापडलं असतं.

सासर माझं अर्जुनीच्या पलीकडे, तलावाकाठच्या गावात. लग्नात मी परकरी पोर होते आणि ह्यांना मिसरूड फुटायचं होतं. रीतीप्रमाणे ह्यांच्याकडून तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहवून घेतलं. नंतर ताट उचललं, तांदूळ शिजवले, आणि ते नावही त्यातच शिजून गेलं म्हणायचं. कारण त्या नावानंसुद्धा मला कोणी हाक मारली नाही. आमच्या झाडीपट्टीत सून जिथून येते त्या गावाची होऊन राहते. मी आमगाववाली. सासूबाई, जावा, विहिरीवरच्या बाया, सगळ्यांची आमगाववाली. हे तर "अवं" च्या पुढे कधी गेले नाहीत. मलाही त्याचं काही वाटलं नाही. नाव काय चुलीत घालायचंय, असं मीच म्हणायची. जीभ तेव्हाही लांबच होती.

मुलगी चालायला लागली त्या वर्षी गावात हिवताप शिरला. एक दिवसाआड दुपार कलली की तिला थंडी भरायची. आधी नखं निळी पडत, मग दात वाजत, मग अंग असं तापे की मांडीवर धरवत नसे. हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या आमच्याकडे पोस्टातच मिळत. पोस्ट म्हणजे शाळेचा एक कोपरा आणि शाळेचे मास्तर हेच पोस्टमास्तर. त्यांच्याकडच्या पुड्या संपल्या आणि वरून नव्या आल्या नाहीत. त्याच आठवड्यात शेजारच्या घरातलं लेकरू गेलं. त्याच्या आईचं रडणं भिंतीपलीकडून ऐकत मी माझ्या मुलीच्या नाकाशी बोट धरून बसले होते. मला फार भीती वाटत होती. इतकी, की देवालाही काही मागवत नव्हतं.

माझा भाऊ नागपुरात एका दवाखान्यात कामाला होता. आमगावच्या मामांबरोबर त्याला निरोप धाडला. काही दिवसांनी आमगावचा एक माणूस बाजाराला आला, तो सांगून गेला, "भावानं औषधाचं पार्सल टाकलं. पोचलंच असल आतापावेतो."

पोचलं नव्हतं. हे रोज शाळेत जाऊन घराच्या नावानं विचारत आणि मास्तर रोज मान हलवत. स्टेशनापासून गावापर्यंत डाक आणणारा हरकारा जंगलातून पायी यायचा, भाल्याला घुंगरू बांधून. मी अंगणात काम करताना कान त्या वाटेकडे लावून असे. घुंगरू वाजलं की वाटे, आलं. नाही वाजलं की वाटे, नाल्याला पूर असेल, नाहीतर वाघानं त्याला ओढून नेलं असेल. तो हसत हसत आला आणि थैलीतून आमचं काही निघालं नाही, की मग वाघ परवडला असं वाटे. निदान कारण तरी कळलं असतं.

मुलगी आता रडतही नव्हती. रडणारं पोर बरं, ही म्हण नसली तरी असायला हवी.

एक दिवस हे शाळेवरून आले आणि पाय धुता धुता सासूबाईंना सांगू लागले, "मास्तरची आज गंमत झाली. कोना बाईचं पार्सल येऊन पडलं होतं नागपुरातून. दोन बाजार दवंडी देल्ली, कोनी आलं नाही. आज वापस धाडलन."

सासूबाई म्हणाल्या, "म्याबी आयकली दवंडी. अशी बाई नाई बापा आपल्या गावात. नाव काय होतं तं तिचं? इसरली मी."

ह्यांनी नाव सांगितलं. बाईचं, तिच्या बापाचं, आडनाव.

दवंडी बाजारात झाली तेव्हा मी मुलीपाशी घरात होते; ते नाव मी लग्नानंतर सासरच्या कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भावानं भावासारखंच लिहिलं होतं, ज्या नावानं तो मला हाक मारी ते. क्षणभर मलाही वाटलं, कोण बरं ही? मग आठवलं. सासूबाईंसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, पण मी ओरडलेच, "मीच होय जी ते! माह्यंच पार्सल होय!"

हे माझ्याकडे बघत राहिले. परक्या बाईकडे बघतात तसं.

थैली घेऊन हरकारा केव्हाच निघाला होता. संध्याकाळच्या छोट्या गाडीनं डाक गोंदियाकडे गेली असती आणि तिच्यामागे नागपूर गाठायला आमच्याकडे दिवस उरले नव्हते. ह्यांनी छकडा जुंपला. मी मुलीला पदरात गुंडाळून बसले. तो वारीचा, ताप यायचा दिवस होता, तिची थंडी वाटेतच येणार हे मला ठाऊक होतं. जंगलात एका ठिकाणी बैल फुरफुरले आणि पुढे पाय टाकेनात. हे खाली उतरले, कासरा धरून त्यांच्यापुढे चालू लागले, मोठमोठ्यानं खाकरत. त्यांच्या खाकरण्यातली भीती मला ऐकू येत होती. माझ्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता. मग कळलं, ते दात माझे नव्हते.

स्टेशनाजवळच्या पोस्टात थैल्या बांधून तयार होत्या. बाबू हिंदी बोलणारे होते. त्यांनी ह्यांना विचारलं, "औरत का नाम?"

आणि ह्यांनी ताटातलं नाव सांगितलं.

त्यांचा दोष नाही. बायकोचं नाव विचारलं की तेच सांगायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं. बाबूंनी पार्सलांच्या यादीत बघितलं आणि म्हणाले, "इस नाम का कुछ नहीं है."

मी माझं खरं नाव सांगितलं. बाबू चिडले. "एक औरत के दो नाम? किसको देना है, पहले घर में तय कर लो." बाहेर गाडीची शिटी झाली. त्या गावात मला माझ्या नावानं ओळखणारं एकही माणूस नव्हतं. बापाच्या घरची मी तिथे कोणीच नव्हते, हे मला पहिल्यांदा कळलं.

तेव्हा ह्यांनी पागोटं काढून टेबलावर ठेवलं. आमच्यात नवराही बायकोचं माहेरचं नाव घेत नाही. ह्यांनी घेतलं. माझं, माझ्या वडिलांचं, आडनाव, अडखळत, दवंडीत ऐकलेलं आठवून आठवून. म्हणाले, "हेच होय ते बाई, साहेब. माही बायको होय. मलेच माहीत नव्हतं."

मी पदर बाजूला केला. बाबूंनी पोरीच्या थडथडणाऱ्या अंगाला हात लावला आणि झटक्यानं मागे घेतला. मग थैलीची गाठ सोडली.

पहिली गोळी तिथेच, बाबूंच्या पाण्यातून दिली. ती लागू पडेपर्यंत आणखी दोन वाऱ्या सोसाव्या लागल्या, आणि त्या दोन दिवसांत मी काय काय नवस बोलले ते फेडता फेडता जन्म गेला. मुलगी वाचली. मी सासरी आमगाववालीच राहिले.

मुलीच्या लग्नात तांदळाचं ताट आलं. जावई अंगठी टेकवणार तोच मी ताटावर हात ठेवला. विहीणबाई म्हणाल्या, "कायले मधात हात घालता जी?"

"आहे तेच लिहा," मी म्हटलं. "उद्या हिले काही धाडायचं पडलं, तं मी कोनाच्या नावानं धाडू?"

कुजबुज सुरू झाली. वरपक्षातलं कोणीतरी उठून उभं राहिलं. मी ताटावरून हात उचलला नाही. तेवढ्यात मागून ह्यांनी मला हाक मारली, माझ्या माहेरच्या नावानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. म्हणाले, "हात काढ आता. तेच लिहून राहिले ते."

मी हात काढला.