बारागाड्यांच्या वाटेखालची गटार

माझं तोंड फटकळ आहे आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. त्या तोंडानेच धुळ्याच्या पेठेतलं पाणी हटवलं. कुणी म्हणेल, बाई बढाया मारते. म्हणू दे. तेव्हाचं आमचं दुकान ज्याने पाहिलंय, त्यानेच बोलावं.

दुकान सरकी-ढेपेचं, म्हणजे गुराढोरांच्या खाण्याचं. पुढे दुकान, मागे आमचं घर. पेठेचा रस्ता वरच्या आळीकडून उतरत यायचा आणि आमच्या दाराशी वळून नाल्याकडे जायचा. त्यामुळे आषाढात धो धो पाऊस लागला की अख्ख्या पेठेचं पाणी आधी आमच्याकडे पाहुणचाराला! भिजलेली ढेप फुगते, आणि मग तिला असा वास सुटतो की म्हैससुद्धा तोंड फिरवते. लागोपाठ दोन पावसाळे माल गेला. दुसऱ्या वेळी माझे सासरे, आबा, ओल्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "आखो एकदाव पानी घरमा उनं ना, ते कुलूप लावसूत नि गावले निंघी जासूत."

म्हणजे आणखी एकदा पाणी घरात आलं की दुकान बंद, आणि सगळ्यांनी गावी जायचं. आमचं गाव सोनगीरच्या पलीकडे. गावाला मी भीत नव्हते, मी काय कुठल्या राजवाड्यात वाढले होते? पण माझी मुलगी धुळ्यात मराठी पाचवीत होती. वाचायला बसली की जेवण विसरायची. गावी तिच्या वयाच्या पोरी कापूस वेचायला जात होत्या, आणि त्यानंतर थेट बोहल्यावर. दुकानाला कुलूप लागलं की हिची शाळा संपली, हे मला लख्ख दिसत होतं.

त्याच दिवशी उंबऱ्यात उभी राहून पाणी उपसताना माझ्या डोक्यात उजेड पडला. मी नवरी होऊन आले तेव्हा या दुकानात शालू आवरत पायऱ्या चढले होते. आता रस्ता आणि उंबरा एका पातळीत! दुकान काही खचलं नव्हतं. रस्ताच वर आला होता.

आणि तो आम्हीच वर आणला होता, अगदी भक्तिभावाने. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारागाड्या निघतात. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांत माणसं भरायची, आणि बैल न जुंपता खंडेरावाचं नाव घेऊन भगत त्या ओढतो. चाक गटारीत जाऊ नये म्हणून पेठेतली मंडळी दर वर्षी गटारीवर नि तिच्या कडेच्या रस्त्यावर मुरूम टाकून चोपायची. गाड्या गेल्यावर तो मुरूम मात्र कुणी काढायचा नाही. भगताचे पाय लागले, देवाची वाट झाली. तिच्यावर कुदळ कशी मारायची? लोक तिथली माती कपाळाला लावायचे. मग पाऊस यायचा, आणि गटार मुरमाखाली गाडलेली. पाणी जाणार कुठे? दुकानदार तर महाशहाणे. ज्याने त्याने आपला ओटा वाढवला, तोही नेमका त्या बुजलेल्या गटारीवर.

तेव्हा सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. मी मुलीला मध्ये बसवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "आबांना सांग, गटार उकरली तर पाणी घरात येणार नाही." आबाही तिलाच सांगायचे, "तुनी मायले सांग, ती देवनी वाट शे." माझा नवरा गरीब गाय, तो दोन्हीकडे मान डोलवायचा. पोरगी आपली मध्ये बसून शेंगा खायची.

हिवाळ्यात खुद्द भगतबाबा बैलांसाठी सरकी घ्यायला दुकानात आले. शेतकरी माणूस, आवाज मात्र ढोलासारखा. आबा माप भरत होते. मी पदर सावरला आणि आतूनच विचारलं, "भगतबाबा, गाड्यांची चाकं मुरमाऐवजी फळ्यांवरून गेली तर देव रागवेल का?"

आबांचं माप हातातच राहिलं. भगतबाबा म्हणाले, "कोणत्या फळ्या?"

"दुकानांच्या!" मी म्हटलं. आमच्या पेठेत दुकानांना दारं नव्हती. सागवानी फळ्या खाचेत एकेक बसवून दुकान बंद करायचं. आखाजीला सगळे ओट्यावर बसून गाड्या बघणार, म्हणजे फळ्या रिकाम्याच. त्या गटारीवर टाकायच्या, गाड्या गेल्या की उचलायच्या. मुरूम हवाच कशाला?

भगतबाबा म्हणाले, "देव डोंगरवर ऱ्हास, बाई. मुरूम तुम्हीन टाकेल शे, तुम्हीनच काढा." पण फळी सरकून गाडी उलटली तर लोक देवाला नाही, तुलाच धरतील, हेही त्यांनी बजावलं. मी म्हटलं, धरू देत.

होळी झाल्यावर पहिली कुदळ त्यांनीच मारली. मग कोण काय बोलणार? मुरमाखाली दगडी बांधणीची गटार निघाली, धडधाकट! एकेकाने गटारीवर आलेला आपला ओटा मागे घेतला. समोरचा कापडवाला तेवढा अडून बसला. म्हणे, माझा ओटा तोडणार नाही, माझ्या दुकानात कुठे पाणी येतं? माझं डोकंच सणकलं. मी भर रस्त्यात उभी राहिले. "दादा, तुम्ही ओटा उंच केलात म्हणून पाणी काय आभाळात परत गेलं? ते माझ्या घरात आलं! आपली पोळी भाजली की झालं, असं कसं?" सगळी पेठ हसली. दुसऱ्या दिवशी त्याच्या ओट्याचे दगड निघाले. मी मुद्दाम त्याला चहा पाठवला.

आखाजीला बाया झोके घेत गाणी म्हणत होत्या आणि मी फळ्या हलवून बघत होते. उन्हं कलली, येळकोट झाला, आणि गाड्या सुटल्या. वरच्या आळीकडून खडखडाट येत होता. आमच्या वळणावर पहिली गाडी फळ्यांवरून गेली, दुसरी गेली, आणि एक फळी हादऱ्याने सरकायला लागली. मागून येणाऱ्या गाडीत लेकुरवाळ्या बाया होत्या. रीत, पदर, सगळं विसरून मी किंचाळले, "आबा, फळी धरा!"

आबा ओट्यावरून उतरले आणि फळीच्या आपल्याकडच्या टोकावर दोन्ही पाय रोवून उभे राहिले. चाकं त्यांच्यापासून हातभर अंतरावरून जात होती. म्हातारा जागचा हलला नाही. शेवटची गाडी गेली तेव्हा पेठेत अशी आरोळी उठली की माझ्या कानठळ्या बसल्या. मी चक्क नाचले. लाज कसली त्यात?

पण खरी परीक्षा आषाढात होती. एका सकाळी आभाळ फाटलं. आम्ही सवयीने पोती उचलायला लागलो. वरच्या आळीचा लाल लोंढा वळणापर्यंत आला, गटारीत शिरला आणि गरजत नाल्याकडे निघून गेला. उंबरा कोरडा! नवरा पोतं धरून तसाच उभा. समोरून कापडवाला ओरडला, "वहिनी, गयं ना पानी!" सगळे दुकानदार भर पावसात बाहेर येऊन उभे राहिले. गटार बघायला एवढी गर्दी मी जन्मात पाहिली नाही. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी पाण्यात फूल टाकलं. आणि मी? मी सगळ्यांकडे अशी बघत होते, जसं काही ते पाणी माझ्या सांगण्यावरूनच चाललंय. होतंच ते!

मुलगी दारात दप्तर घेऊन उभी होती. असा पाऊस लागला की तिने घरी राहून तांब्याने पाणी उपसायचं, हे तिला पाठ झालं होतं. तिने दप्तर खाली ठेवलं. आबांनी ते उचलून तिच्या गळ्यात अडकवलं.

"काय देखी ऱ्हायनी? शाया भरी गयी व्हई. पय!"

ती पळाली. भर पेठेतून, भर पावसात, घोटासुद्धा न बुडता. मला रडू फुटलं. "अगं, डोक्यावर गोणपाट तरी घे!" मी मागून ओरडत राहिले, पण तिने काही ऐकलं नाही.