गाडी वाटेत आहे

दिवेलागणीला सासरे चपला शोधू लागले की सूनबाई हातातलं काम टाकून दाराशी धावे. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरी केलेला माणूस. स्मरण गेलं, पण ड्युटी काही सुटली नव्हती. कालच ते भर चौकात, गाड्यांच्या मधोमध उभे सापडले. "आणखी एकदा असं झालं, तर बाबांना वृद्धांच्या संस्थेत ठेवू," नवरा म्हणाला. "तू तरी किती पुरी पडशील?" खोटं नव्हतं ते, तिचं अंग मोडून आलं होतं. पण तिच्या बाळंतपणात ज्यांनी भांडी घासली, त्यांना पोचवून यायला मन धजेना.

विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. नियम अजब: सल्ला द्यायचा नाही. अडलेल्याने गोष्ट सुरू करायची, बाकीच्यांनी पुढे न्यायची. तिने लिहिलं, "एक कंडक्टर रोज संध्याकाळी डेपोला निघतो..."

"पण आज गाडी रद्द झाली," एका शिक्षिकेने जोडलं.

तिने सासऱ्यांना तसं सांगून पाहिलं. ते भडकलेच. "रद्द? मग स्टँडवरच्या माणसांना कोण सांगणार, तुझा बाप?" आणि तरातरा दाराकडे.

दाराला पाठ लावून तिने हे ग्रुपवर कळवलं.

"अगं, कंडक्टरला रद्द सांगतात होय?" एका निवृत्त ड्रायव्हरकाकांनी लिहिलं. "गाडी निघालीय. वाटेत टायर बदलतायत."

"आणि साहेबांचा निरोप आहे, स्टँड सोडू नका," शिक्षिकेने चूक निस्तरली.

"पण स्टँडवर प्रवासी नको का?" तिसऱ्याने विचारलं.

तिने खांद्याला पिशवी अडकवली, खिडकीशी खुर्च्या ओढल्या आणि ऐकलेलं सगळं सासऱ्यांना सांगितलं. "मलाही त्याच गाडीने जायचंय," तिने शेवटी जोडलं.

सासरे थबकले. चपला पायातच ठेवून खुर्चीत टेकले. "ह्या ड्रायव्हरला टायर बदलायला जन्म लागतो!" मग तिच्याकडे वळून, "कुठं जायचं, बाई?"

"माहेरी," तिच्या तोंडून निसटलं.

"लांब आहे. तोंड बघा किती उतरलंय. टेका जरा, गाडी आली की उठवतो."

तिने भिंतीला डोकं टेकलं. दार वाजलं ते अर्धवट झोपेतच तिच्या कानावर आलं.

"हळू!" सासरे कुजबुजले. "पॅसेंजर झोपलीय."

नवऱ्याची पावलं हळू झाली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मलाही त्याच गाडीने जायचंय," तो म्हणाला.

"मग मागं बस. रांग आहे."