बाजारच्या दिवशीची गोळी

घोडेगावच्या बैलबाजारात लंगड्या बैलाची पारख अण्णा दलालांइतकी कोणालाच नव्हती, कारण तसे बैल सर्वांत जास्त त्यांनीच विकले होते. कोणता बैल पाय चोरतोय हे त्यांना लांबूनच दिसे. मग बाजाराच्या आदल्या दिवशी त्याला सूज उतरवायचं इंजेक्शन मिळे आणि सकाळी तो ऐटीत चाले. "दोन दिस नीट चालतोय, तिसऱ्या दिसाला मालकाला कळतंय," असं ते खुशाल सांगत. तोवर बैल शेवगावच्या पुढे गेलेला असे. तरीही दावं दुसऱ्याच्या हाती देताना बैलाच्या कपाळावरून हात फिरवत आणि तेव्हा त्यांचे डोळे खरोखर भरून येत. लबाडी आणि माया, दोन्ही अस्सल.

साठी ओलांडल्यावर अण्णांचे स्वतःचे गुडघे गेले. बाकीच्यांनी लंगडावं, दलालाला ती चैन परवडत नाही. "दलाल लंगडला की गिऱ्हाईक बैलाचं पाय बघतंय," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं होतं. दोन बाजार त्यांनी लंगडत केले. लोकांनी त्यांचे बैल चार-चारदा चालवून पाहिले आणि एकही खपला नाही.

नगरच्या डॉक्टरांनी संधिवात सांगून मेलॉक्झिकॅमच्या गोळ्या दिल्या. दहा दिवस, रोज एक, जेवल्यावर. मग रक्त तपासून पुन्हा दाखवा. रक्तदाब आहे, मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावं लागेल, पोट दुखलं तर थांबवा, हेही बजावलं. अण्णांनी त्यातलं 'गोळी' तेवढं ऐकलं.

औषध चांगलंच होतं. बाजाराच्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. चौथ्या दिवशी अण्णा त्याच्यासमोर उकिडवे बसून दाखवून गेले. "डाक्टरनं बरं केलं बघ." मी म्हटलं, "अण्णा, बरं नाही झालं. सूज उतरली, झीज तशीच आहे." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. टोचलेला बैल बरा झालेला नसतो, यावर ज्यांनी आयुष्यभर पोट भरलं, त्यांना ते स्वतःच्या गुडघ्यांबाबत पटेना. बैलाला टोचतात तेच हे औषध, असं मी सांगून पाहिलं. ते उलट खूश झाले. "मंग तर लई जोरदार हाय. बैल केवढा आन मी केवढा."

दहा दिवसांची चिठ्ठी चार वर्षं चालली. घडीवर फाटायला लागली तेव्हा अण्णांनी ती लॅमिनेट करून आणली. मी दर वेळी "एकदा दाखवून या" म्हणे आणि दर वेळी गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातावर ठेवी. भिंतीवर माझं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेलं आहे. त्याचा उपयोग भिंत झाकण्यापुरताच होत होता.

बाजारच्या दिवशी अण्णा सकाळी उपाशीपोटी, चहाबरोबर दोन गोळ्या घेत. दिवसभर पाणी टाळत. "बैलाचं दावं सोडून लघवीला कोन जानार?" पाय सुजले तेव्हा त्यांनी एक नंबर मोठी चप्पल घेतली. शौचाला काळं होऊ लागलं तेव्हा जांभळं खाल्ल्याचं सांगितलं. दिवाळी तोंडावर आली होती.

शेवटी भर बाजारात चक्कर येऊन पडले. नगरला नेलं. पोटात जखम होऊन रक्त गेलेलं, मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त निकामी. रक्त चढवलं म्हणून वाचले. ही गोळी पुन्हा कधीच नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

दोन महिन्यांनी काठी टेकत, प्रत्येक पायरीवर थांबत ते दुकानात आले आणि जुनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली. "उद्या बाजार हाय. एकच दे."

"नाही अण्णा. देणार नाही."

त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे आणखी सरकवली. मग म्हणाले, "तुला न्हाई म्हनता येतंय व्हय? मला वाटलं, येतच न्हाई."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी बाहेर येऊन त्यांना हात धरून पायऱ्यांवरून उतरवलं. चिठ्ठी त्यांनी परत मागितली नाही. दुसऱ्या दिवशी बाजार भरला, अण्णा आले नाहीत. नंतरही कधी आले नाहीत.