आमच्या गल्लीचे फॉर्म

“आजी, तुम्ही रोज आंघोळ करता का?”

माझ्या वर्गातल्या मुलीनं हे माझ्या आईला विचारलं. माझ्यासमोर. आमच्याच घरात.

ती माझी आई आहे हे त्या मुलीला माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

मी एक्केचाळीस वर्षांची. सकाळी कॉलेज, मग चाकणच्या कंपनीत सेकंड शिफ्ट. वायरिंग तपासते. बी.ए.चे बाकी सगळे पेपर सुटलेले. पहिल्या वर्षाचा एकच पेपर वडिलांच्या आजारपणात राहून गेला होता. समाजशास्त्राची ओळख. तेवढा सुटला की पदवी. म्हणून अठरा वर्षांच्या पोरांत बसत होते. पोरं मला काकू म्हणायची.

समाजशास्त्राच्या मॅडमनी वस्तीची पाहणी काढली, घरोघरी जाऊन फॉर्म भरायचे. पिंपरीतली, आमचीच वस्ती. आमच्या गटाला माझीच गल्ली आली. मी तोंड उघडलं नाही. लाज वाटली.

आईनं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या कागदांत डोकं घातलं. तिला कळलं. “बसा बाळांनो,” म्हणाली. सगळ्यांना. मलाही.

आंघोळ? “करते की बाई, रोज.”

जात? “बौद्ध.” मान ताठ ठेवून.

“म्हणजे त्याआधीची?”

आईनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

‘घरात पुस्तके आहेत का?’ हे तर पोरीनं विचारलंच नाही. ‘नाही’वर खूण केली. पडद्याआड वडिलांचं कपाट होतं, पुस्तकांनी गच्च भरलेलं. कंपनीतून आले की वाचत बसायचे ते. मी ती खूण बघितली आणि पुढचं पान तिच्या हातात दिलं. एका पोरानं मोरीचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना आई म्हणाली, “तुजी परीक्षा हाय ना. म्हनून मी बी ओळख दिली न्हाई.”

रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या तासाला मॅडमनी तो फोटो पडद्यावर लावला. “बघा. सरकारनं कितीही करू दे, या लोकांना बदलायचंच नसतं.” पोरं हसली. आई ती मोरी रोज घासते. गुडघे दुखत असले तरी.

मी उठले. 

“मॅडम, ते घर माझं आहे. ती आजी माझी आई आहे.”

मॅडम थांबल्या. मग हसून म्हणाल्या, “अरे वा! मग या पुढे. तुम्हीच समजावून सांगा मुलांना.”

पुढे गेले. टेबलावरचे आमच्या गल्लीचे फॉर्म उचलले, पिशवीत टाकले.

“वीस मार्क आहेत त्याला. नापास व्हाल. पदवी अडकेल.”

“अडकू दे.”

अडकली. माफी लिहून द्या, पास करते, असा निरोप आला. दिली नाही. माफी मागायची तर आईची. मार्कांसाठी मी तिला परकी केली. ते पुन्हा होणार नाही.

यंदा परत त्याच वर्गात बसणार आहे. पाहणी निघाली की उभी राहून सांगणार, मॅडम, या वेळी तुम्ही राहता त्या ताथवड्याच्या सोसायटीत जाऊ. नाही म्हणाल्या तर कारण विचारीन. उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.