दत्तारामाने अडवलेला माल

दत्ताराम गवसाच्या घरी दोडामार्गाकडे काजूच्या दारूची भट्टी होती आणि तिथे शेवटचा शब्द त्याच्या नाकाचा असे. बोंडूचा रस आंबवून मडक्यात चढवला, धार सुरू झाली, की बाप म्हणायचा, "दत्ता, हुंग रे." आच वाढून मडक्याचं बूड लागलं असेल तर धारेला करपट वास यायचा. मग ती गायरीत, शेणखताच्या खड्ड्यात, ओतायची. दयामाया नाही.

आता हा माणूस दुबईत, रास अल खोरच्या दारूच्या गोदामात स्टोअरकीपर. खोके चढव, खोके उतरव. मनात मात्र एकच हाव: काउंटरमागे उभं राहून लोकांना माल पाजायचा, समजावून सांगायचा. त्याचा पुणेकर साहेब निखिल अखेर कबूल झाला होता.

"आज हॉटेलात मेझकलची टेस्टिंग आहे. डिलिव्हरी स्मूथ होऊ दे, दत्ताराम, पुढच्या इव्हेंटपासून तू माझ्याबरोबर काउंटरवर. पक्का!"

मेझकल ही मेक्सिकोची दारू. घायपातासारख्या झाडाच्या गड्ड्याची. हा माल एका कुटुंबाच्या भट्टीवरचा होता आणि त्या घरची ओफेलियाबाई खुद्द टेस्टिंगला आली होती.

गाडीत माल चढवताना एक बाटली फुटली. दत्ताराम वाकला, त्याने हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "करपली!"

"दत्तूभाई, यल्ला! गाडी खडी है," ड्रायव्हर मुझम्मिल ओरडला.

"गाडी गेली खड्ड्यात! सगळो माल करपलेलो आसा. असो माल लोकांका पाजूचो?"

सगळ्या खोक्यांना लाल पट्टी मारून त्याने गाडी रिकामीच पिटाळली. साहेबाची अब्रू वाचवली या आनंदात वर कडक चहा मागवला.

चहा संपतो न संपतो तोच निखिल ओफेलियाबाईंना घेऊन धावत आला. "अरे, माल कुठाय? गेस्ट यायला लागलेत!"

"सायेब, तुमका फसवल्यांनी. मालाक आच लागली हा. माझ्या बापाशीन ही धार गायरीत ओतली असती."

निखिलने कपाळावर हात मारला. "तो स्मोक आहे, बाबा! जमिनीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर गड्डे भाजतात. धूर हवाच असतो त्यात!"

"हवाच?" दत्तारामाचा चेहरा उतरला. "खलास. गेला काउंटर."

काय झालं ते ओफेलियाबाईंना कळेना. निखिलने ओशाळत इंग्रजीत सांगितलं. गोष्ट गायरीपर्यंत आल्यावर बाई हसत हसत खोक्यावरच बसल्या. म्हणाल्या, "बूड लागलं तर आम्हीही ओतून देतो. पण हा धूर खड्ड्यातला. पुन्हा हुंगा."

दत्तारामाने डोळे मिटून हुंगलं. धूर होताच, पण त्याच्याखाली भाजलेल्या रताळ्याचा गोडवा होता.

"चुकला माझा," तो म्हणाला आणि पट्ट्या फाडायला लागला. निखिलने फोन करून गाडी परत बोलावली.

"ह्याला आजच घ्या," बाई निखिलला म्हणाल्या. "माझी अर्धी गिऱ्हाइकं असंच तोंड करतात. त्यांच्याशी बोलायला असाच माणूस हवा."

हॉटेलात पोचल्यावर निखिलचा कोट दत्तारामाला पोटावर लागेना. तसाच तो उघडा टाकून काउंटरमागे उभा राहिला. पहिल्याच पाहुण्याने ग्लास नाकाशी नेला आणि भुवया आवळल्या.

"सर, जला हुआ लगता है ना?" दत्ताराम पुढे झुकला. "मेरे को भी लगा. मैंने तो पूरी गाडी वापस भेज दी!"

पाहुणा खो खो हसला आणि त्याने पुन्हा हुंगलं. शेजारचे दोघे ग्लास पुढे करून सरकले, "गाडीचं काय म्हणालात?" दत्तारामाने बाटली उचलली आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.